डावी पाकळी

"दम माका लागता की तुमका?" सुगंधाने सभामंडपातून विचारलं.

मी गाभाऱ्यात सहाणेवर गंध उगाळत होतो. जोर जास्त लावत होतो, आणि माझा श्वास तिला बाहेर ऐकू जात होता. ती खांबाला टेकून बसली होती. आमच्या घरापासून देवळापर्यंतचा चढ पाच मिनिटांचा. त्या सकाळी तिला तो चढायला पाऊण तास लागला. वाटेत ती तीन वेळा बसली. तिसऱ्या वेळी तिचे ओठ निळे झालेले मला दिसले, पण तिला तसं सांगितलं नाही.

"गंध जुना असा," मी म्हटलं. "खोड सुकला."

तिला ते पटलं नसणार. माझी बायको मला चांगली ओळखत होती.

तिला लहानपणी सांधे धरून ताप आला होता. त्या तापाने काळजातली एक झडप आखडली, असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्हाला मूल झालं नाही त्याचंही कारण तेच निघालं. ऑपरेशन केलं नाही तर एखादा पावसाळा निघेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. केलं तर दहातल्या नऊ बायका बऱ्या होतात. डॉक्टर भला माणूस होता, त्याने बोटं दाखवून सांगितलं. मला मात्र ते दहावं बोटच दिसत राहिलं. गुरुवारी ऑपरेशन होतं आणि मंगळवारी संध्याकाळच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं. तो मंगळवार. पुंडलिकाची जीप साडेनऊला देवळाच्या पायथ्याशी येणार होती.

आणि सुगंधाने सांगून ठेवलं होतं की कौल मिळाला तरच ती जीपमध्ये बसेल.

आमचं लग्न कौलाने ठरलं होतं. घराची चौकट, विहिरीची जागा, सगळं कौलाने. मी आमच्या कुंदळगावच्या रवळनाथाचा गुरव. माझ्या आधी माझा बाप, त्याच्या आधी त्याचा बाप. लोक अडचण घेऊन येतात. मी देवाच्या पाषाणाला छातीवर दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, पातळ गंधाच्या पाण्याने. मग देवाला विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर वाद नाही. त्या वेळेपर्यंत मी हे काम बावीस वर्षं केलं होतं आणि एकदाही हात वाकडा केला नव्हता. हे कौतुक म्हणून सांगत नाही. वाकडा करावा असं कधी वाटलंच नव्हतं.

आठवडाभर मी तिला समजावत होतो की डॉक्टर रोज असली ऑपरेशनं करतात. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच म्हणायची, "देवाक विचारल्याशिवाय मी छाती फाडून घेवचंय नाय." मी एकदा चिडून म्हटलं की देवाने नाही सांगितलं तर काय करशील. ती म्हणाली, "मगे घरात रवतलंय. तुमच्या डोळ्यासमोर."

आमच्यात गुरवाने स्वतःच्या घरचा कौल लावायचा नसतो. तो चुलतभावाने लावायचा. पण चुलतभाऊ लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेला होता आणि पंधरा दिवस येणार नव्हता. म्हणून मी आदल्या दिवशी दाजी राण्यांकडे गेलो. दाजी देवस्थानचे मानकरी. कौलाच्या वेळी त्यांनी गाभाऱ्याच्या दाराशी उभं राहून बघायचं आणि कौल कुठला झाला ते त्यांनीच मोठ्याने सांगायचं, गुरवाने नाही. त्यांना मी अडचण सांगितली. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तूच लाव. मी उभो रवतंय."

दाजींना गावात सगळे वचकून असत. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं तेव्हा मुलीकडे काही सुतक निघालं, पुढे जावं का म्हणून त्यांनी कौल लावला आणि डावा झाला. दाजींनी लग्न मोडलं. मुलाने पाय धरले, बायको जेवायची थांबली, पण मोडलंच. तो मुलगा पुण्याला गेला तो परत आला नाही. तो कौल मीच लावला होता. पाकळी पडली तेव्हा दाजींचा आवाज जराही हलला नव्हता.

असा माणूस त्या सकाळी माझ्यामागे तीन हातांवर उभा होता आणि मी देवाला फसवायला बसलो होतो.

मी दोन गंधं केली होती. एक नेहमीचं, पातळ. दुसरं सहाणेच्या कडेला जमवलेलं, दाट, लोण्यासारखं. उजव्या पाकळीला मी पातळ गंधाचं नुसतं बोट लावलं, ती जेमतेम धरली. डाव्या पाकळीला दाट गंध भरपूर लावलं आणि अंगठ्याने दाबून बसवली. ती दुपारपर्यंत हलणार नाही अशी माझी खात्री होती. माझी पाठ दाजींकडे होती. तरी मानेवर घाम आला.

मग मी गाऱ्हाणं घातलं. शब्द ठरलेले असतात, तोंडातून आपोआप येतात. माझी बायको सुगंधा हिला बेळगावला नेऊ का, ती बरी होऊन येणार असेल तर उजवा दे. मी "दे" म्हणालो. नेहमी आम्ही "असेल ते दाखव" म्हणतो.

आणि आम्ही वाट बघू लागलो.

एरवी पाच-दहा मिनिटांत काय ते होतं. पंधरा मिनिटं झाली. उजवी पाकळी वरच्या बाजूने सुटली आणि तशीच वाकून राहिली. एका टोकावर. मी तिच्याकडे बघत होतो, पापणी लवू देत नव्हतो. समईची ज्योत हलली की मला वाटे आता पडेल. पडली नाही. खाली जीपचा हॉर्न वाजला. पुंडलिक एकदा वाजवून गप्प बसणारा माणूस नव्हता, तो वाजवत राहिला.

"तेका सांगा," सुगंधा बाहेरून म्हणाली, "देवाच्या कानाक त्रास होता."

दाजींना हसू आलं असावं. ते घशात खाकरले. मी हसलो नाही. अर्धा तास झाला होता. मी मनात हिशेब मांडत होतो की घाट किती वाजता चढू आणि उशीर झाला तर खाट दुसऱ्याला देतील का. तेवढ्यात मला दिसलं की डावी पाकळी जागेवर नाही.

ती पडली नव्हती. सरकली होती. बोटभर खाली आली होती आणि तिच्यामागे गंधाचा ओला पट्टा राहिला होता. मी बघत असतानाच ती आणखी सरकली. मला तिला हात लावावासा वाटला. मी हात उचललाही, पण मागे दाजी होते. पाकळी देवाच्या पोटापर्यंत आली, थोडी थांबली आणि खाली तबकात पडली. गंधामुळे तिचा आवाजही झाला.

उजवी अजून तशीच वाकून चिकटलेली होती.

मी हललो नाही. इतकी वर्षं मी लोकांना बघत आलो होतो, डावा कौल झाला की त्यांची तोंडं कशी होतात ते. माझं तसं झालं असेल. देवाने मला पकडलं होतं. मी दाट गंधाने चिकटवलेली पाकळी त्याने खाली टाकून दाखवली होती. याहून स्पष्ट 'नाही' कसं सांगतात?

"पडली?" सुगंधाने विचारलं. तिला तबकातला आवाज ऐकू गेला होता.

मी दाजींकडे वळलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. देवाच्या छातीवरच्या त्या ओल्या पट्ट्याकडे बघत होते. त्यांचे डोळे चांगले होते, चष्मा फक्त वाचायला लागे. त्यांनी सगळं बघितलं होतं. दाट गंध काय ते त्यांना कळत होतं आणि कोणती पाकळी पडली तेही.

"पडली," दाजी मोठ्याने म्हणाले. "उजवो झालो. ऊठ गे बाय, गाडी खोळंबली."

मग आत वाकून त्यांनी तबकातली पाकळी उचलली, पंच्याच्या टोकाने तिचं गंध पुसलं आणि मला हळू आवाजात म्हणाले, "ती दुसरी काढ. देवाचा तोंड धू." आणि पाकळी घेऊन बाहेर गेले. सुगंधाने ओंजळ पुढे केली. त्यांनी पाकळी तिच्या ओंजळीत ठेवली.

आंबोलीचा घाट चढेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होतो. ती मात्र बोलत होती. गेले सहा महिने दोन वाक्यांनंतर थांबणारी बाई त्या दिवशी पुंडलिकाची टिंगल करत होती. पाकळी तिने पदराच्या गाठीत बांधली होती आणि गाठीवर हात ठेवला होता. वळणावर जीप जोरात वळली की मी दचकत होतो. ती म्हणाली, "घाबरतास कित्याक? देवान होय म्हटल्यान मा?"

मी होय म्हटलं.

दवाखान्यात दोन दिवस तिच्या तपासण्या चालल्या. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होतो.  नर्स रक्त काढायला आली आणि पहिल्यांदा शीर सापडली नाही, तर मला वाटलं, ही सुरुवात. जिन्यात मांजर आडवं गेलं. एका डॉक्टराने दुसऱ्याला बाजूला नेऊन काही सांगितलं. मी प्रत्येक गोष्टीत देवाचं बोट बघत होतो. देव नको म्हणाला होता आणि मी तिला घेऊन आलो होतो. बरं, परत नेली असती तर? तिथेही मरणच होतं, फक्त हळू येणारं. मी एका मरणातून तिला दुसऱ्यात ढकलत होतो आणि ती माझ्या भरवशावर, नाही, देवाच्या भरवशावर हसत होती. तो भरवसा खोटा होता. तो मी आणि दाजींनी बनवला होता.

गुरुवारी सकाळी तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढून तिने माझ्या हातात दिलं. हिरवा झगा घातल्यावर ती फार लहान दिसू लागली. नर्स म्हणाली, दहा मिनिटांत न्यायला येतात.

मला तिला तशी पाठवता येईना.

"सुगंधा," मी म्हटलं, "डावो झालो होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं. दोन गंधं, अंगठा, सरकलेली पाकळी, दाजींनी काय केलं ते. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, मुठीतल्या मंगळसूत्राकडे बघत होतो. सांगून झाल्यावर म्हटलं, "तुका नको असात तर आता पण जावया घरी. मी डॉक्टरांक सांगतंय."

 शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या रेडिओवर काहीतरी चाललं होतं. मला वाटलं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. मी दोन्हीसाठी तयार होतो.

"दाजी खोटा बोलले?" तिने विचारलं.

"होय."

"देवासमोर?"

"होय."

"स्वतःच्या झिलासाठी नाय बोलले ते."

मी मान हलवली. पोटच्या मुलासाठीही ते बोलले नव्हते.

 मग तिने पदराची गाठ शोधली, पण अंगावर लुगडं नव्हतं, ते घडी करून उशाशी ठेवलं होतं. तिने ते ओढून घेऊन गाठ सोडली. पाकळी सुकून तपकिरी झाली होती. ती तिने बोटांत धरून बघितली.

"पाकळी पाडूक देवाक काय पडता?" ती म्हणाली. श्वास घेण्यासाठी थांबली. "वाऱ्यान पण पडता ती. पण त्या म्हाताऱ्याक खोटा बोलूक किती जड गेला असात. आणि तुमका." पुन्हा थांबली. "देव कोणाकडसून काय करून घेता ता आपणाक काय कळता? माका जावदे."

"तुका भय नाय वाटत?"

"वाटता," ती म्हणाली. "काल नाय वाटत होता. आता वाटता. पण आता माका म्हायत असा, माझ्या सोबतीक कोण कोण असा ता."

तेवढ्यात ढकलगाडी आली.

पुढचं आधी सांगून टाकतो. ती बरी झाली. त्यानंतर ती सतरा वर्षं जगली. देवळाचा चढ न थांबता चढत असे आणि वर पोचून मला लवकर या म्हणून हाक मारत असे. गेल्या भाद्रपदात चार दिवसांच्या तापाने गेली. काळजाचं काही नव्हतं. तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. कौल लावायला वेळच नव्हता, आणि मी लावलाही नसता.

दाजींना मी त्या ऑपरेशननंतर एकदाच विचारलं. ते अंगणात बसले होते. मी म्हटलं, देवाने डावा दिला होता आणि ती जगली, मग देव खोटा की आपण?

ते म्हणाले, "दाट गंध जड असता. आपल्या वजनान घसारता. ता तुका म्हायत नव्हता, कारण तू कधी लावलंसच नाय. देवान पाकळी टाकल्यान नाय, तू टाकलंस."

इतकी साधी गोष्ट. मी पातळ गंधाचा माणूस, मला ते सुचलंच नव्हतं.

"मगे तो कौल नव्हतोच?"

"देवाक तू विचारलंस खय? तू तेका सांगलंस. मगे तेचा उत्तर कसा येतला?"

"मगे तुमी उजवो कित्याक सांगलास?"

दाजींनी सुपारी तोंडात टाकली.  मग ते म्हणाले, "फसलेलो कौल म्हणान सांगलंय असतंय तर ती उठली नसती. तू पण गुरव रवलो नसतंस." आणि थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "एकदा खरा सांगून बघलंय मी."

पुण्याच्या मुलाबद्दल ते एवढंच बोलले. आता तेही नाहीत.

सुगंधा गेल्यापासून गावातली माणसं मला विचारतात. तू आयुष्यभर देवाची सेवा केलीस, तुझ्यावर त्याची कृपा झाली का? त्यांना वाटतं मी चिडलेलो असेन. मी चिडलेला नाही. देव कसा आहे ते मला ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं रोज त्याचं तोंड धुतो, एवढंच. पण कोणी फारच विचारलं तर मी त्यांना पाकळीचं सांगत नाही. त्या गुरुवारच्या दुपारचं सांगतो.

ऑपरेशनच्या दारासमोर एक बाकडं होतं. मी एका टोकाला बसलो. दुसऱ्या टोकाला एक म्हातारी होती, कपाळाला भस्म लावलेली. तिचाही कोणी आत होता. तिने मला कन्नडमध्ये काही विचारलं, मला कळलं नाही. मी काही सांगितलं, ते तिला कळलं नाही. मग आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो.

दोन तास गेले. दार बंदच होतं. मला बसवेना, उभं राहवेना. शेवटी माझ्या तोंडातून गाऱ्हाणं सुरू झालं. मी मुद्दाम केलं नाही, सवयीने आलं. गाऱ्हाण्याची रीत अशी की घालणाऱ्याने एक वाक्य म्हणून थांबायचं आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, तेव्हा पुढचं वाक्य. होय म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं पुढे जात नाही. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबलो.

"बा देवा रवळनाथा, माझा चुकला."

समोर भिंत होती. मी थांबून राहिलो.

"हौद्री," शेजारून म्हातारी म्हणाली.

मी वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. हात जोडलेले होते. एवढं कन्नड मला येत होतं. हौद्री म्हणजे होय.

"मी तुका फसवूक गेलंय," मी म्हटलं.

"हौद्री."

"तुका बोल लावलंय."

"हौद्री."

"ती आत असा. मी काय मागनंय नाय. तू बघ."

"हौद्री," म्हातारी म्हणाली.

 मी थांबलो. मग तिने तिच्या भाषेत सुरू केलं. हळू, एकेक वाक्य. त्यात कोणाचं तरी नाव पुन्हा पुन्हा येत होतं, मुलाचं असावं किंवा नवऱ्याचं. ती थांबली की मी होय म्हाराजा म्हणत होतो. तिने काय मागितलं ते मला आजही माहीत नाही.

दाराची कडी वाजली. नर्स बाहेर आली आणि हातातल्या कागदावर नाव शोधू लागली. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. म्हातारीने माझं मनगट धरलं. कोणाचं नाव येणार आणि पुढे काय येणार, ते दोघांनाही माहीत नव्हतं.